नागपूरचा फ्लॅट, आम्ही पुण्यात, मधे मॅनेजर: भाडेकरूंशी थेट बोलावं का?

नमस्कार मंडळी,

मनीषनगरातला आमचा टू बीएचके भाड्यानं दिला आहे. आम्ही पुण्यात, म्हणून भाडं, सोसायटी, दुरुस्ती सगळं तिथला एक प्रॉपर्टी मॅनेजर बघतो. माणूस प्रामाणिक आहे, हिशोब चोख. अडतंय ते निरोपांत.

भाडेकरू म्हणजे मिहानमध्ये नोकरी करणारं जोडपं, घरात तान्हं बाळ. उन्हाळ्याआधी त्यांनी बेडरूमच्या खिडकीबाहेर कूलरचं स्टँड ठोकायची परवानगी मागितली. उत्तर मिळालं, "मालक नाही म्हणतात." मला कुणी विचारलंच नव्हतं! नागपूरच्या मे महिन्यात, बाळ असलेल्या घरात, माझ्या नावानं कूलरला नकार? फार वाईट वाटलं. पावसाळ्यात तेच. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओल आली, आणि माझ्यापर्यंत पोचलं ते "थोडं पेंटिंग आहे, दिवाळीत बघू." शेवटी भाडेकरू ताईंनीच फोटो पाठवला. पाळण्यामागचा पोपडा सुटून आतला गिलावा भुसभुशीत झालेला. मी त्यांच्याशी बोलून लगेच प्लंबर पाठवला.

आता मॅनेजर नाराज. "भाऊ, तुम्हीच परस्पर बोलून राहिले, तर मग मी कशाला आहो?" त्यांचंही खरं आहे. नळाच्या वॉशरसाठी रोज पुण्याला फोन यायला लागले तर त्यांना ठेवण्यात अर्थ काय?

पण कायदा शेवटी मालकालाच विचारतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, मधे कुणीही असो. घर बघायला जायचं तर आधी कळवून, वाजवी वेळी जायचं, हेही त्याच कायद्यात आहे. मॅनेजर मात्र किल्ली आहे म्हणून न सांगता जातात, असं ताई म्हणाल्या. हे मला अजिबात चालणार नाही.

तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप करावा असं मनात आहे: छोटा खर्च मॅनेजरनं परस्पर करावा, पण ओल, वायरिंग, पाणी आणि कुठलाही नकार मला विचारल्याशिवाय नाही. कुणी असं चालवलंय का? ग्रुपवर भाडेकरू मोकळेपणानं लिहितात, की मॅनेजरसमोर गप्प बसतात? अकरा महिन्यांचा करार आता संपतोय. नव्या करारात हे कसं लिहिलं, ती वाक्यं कुणाकडे असतील तर कृपया इथे द्या.