गुडघ्यांची झीज असलेल्या आईच्या मणक्यांची घनता चांगली आली आहे. त्यावर विसंबावे का?

नौपाडाकर:
माझी आई ७४ वर्षांची असून तिला दोन्ही गुडघ्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांची झीज) आहे, शिवाय सकाळी उठताना कंबर धरते. आमची इमारत जुनी, लिफ्ट नसलेली आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मावशी न्हाणीघरात पडून तिचे खुब्याचे हाड मोडल्यामुळे आम्ही आईची डेक्सा तपासणी, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजण्याची तपासणी, करून घेतली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर (निरोगी तरुणांच्या सरासरी घनतेशी तुलना करणारा आकडा) +०.४ आला, खुब्याचा मात्र −२.६ आला. ज्यांचे सांधे झिजतात त्यांची हाडे भक्कम असतात, त्यामुळे काळजी नको, असे शेजारच्या काकू ठामपणे सांगतात. यात तथ्य किती, आणि कोणता आकडा खरा धरावा?

तंत्रज्ञ, वाशी:
खुब्याचा आकडा धरावा. डेक्सामध्ये क्ष-किरणांच्या वाटेत येणारे सगळे कॅल्शियम मोजले जाते. ते मणक्याच्या आतले आहे, झिजेमुळे कडेला वाढलेल्या हाडाच्या टोकांतले आहे, की पुढून जाणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत साचलेले आहे, हे यंत्राला वेगळे करता येत नाही. त्यामुळे कमरेच्या मणक्यांची झीज असलेल्या ज्येष्ठांमध्ये हा आकडा फुगलेला येतो. मणका दबून चेपला असेल तरीही तसेच होते, म्हणून आईंची उंची कमी झाली आहे का, तेही पाहावे. अहवालात एल-१ ते एल-४ (कमरेचा पहिला ते चौथा मणका) असा मणकेवार तक्ता असतो. शेजारच्या मणक्यांपेक्षा एखाद्याचा टी-स्कोर १ पेक्षा अधिक फरकाने वेगळा असेल, तर तो मणका हिशेबातून वगळण्याची पद्धत आहे. १९९४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार −२.५ किंवा त्याहून कमी टी-स्कोर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार), आणि आईंचा खुबा त्या रेषेच्या खाली आहे.

निवृत्त डॉक्टर, नेरूळ:
काकूंच्या समजुतीला आधार आहे, पण तो अर्धाच आहे. १९७२ मध्ये फॉस आणि बायर्स यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांची काढलेली हाडे तपासली, तेव्हा त्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस क्वचितच आढळला. हे दोन आजार एकमेकांना टाळतात, ही कल्पना तिथून रुजली. पुढे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासात, घनता जास्त असलेल्यांना गुडघ्याची झीज सुरू होण्याची शक्यता अधिक, परंतु झीज एकदा सुरू झाल्यावर ती वाढत जाण्याची शक्यता कमी, असे काहीसे उलटसुलट चित्र दिसले. वजनाचा यात मोठा वाटा आहे, कारण जास्त वजनाने हाडावर भार पडून घनता वाढते आणि गुडघाही झिजतो. झिजलेल्या सांध्यातील कूर्चेखालचे (हाडांच्या टोकांवरील मऊ आवरणाखालचे) हाडही एक्स-रेत पांढरे, दाट दिसते, पण त्यातील खनिजांचे प्रमाण कमी असल्याने त्या दाटपणाला भक्कमपणा म्हणता येत नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. सरासरी घनता जास्त असूनही या रुग्णांमध्ये हाड मोडण्याचे प्रमाण त्या मानाने घटलेले दिसत नाही. दुखऱ्या गुडघ्यामुळे माणूस चालणे कमी करतो, मांडीच्या पुढचे स्नायू रोडावतात, पाय ऐन वेळी दगा देतो आणि पडणे वाढते. आपल्या मातोश्रींच्या बाबतीत तर खुब्याची घनताही कमीच आहे. त्यामुळे ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या करून हाडांच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलणे लांबणीवर टाकू नये. कॅल्शियमच्या गोळ्यांनी गुडघेदुखी थांबत नाही, हे त्यांना आधीच सांगावे, नाहीतर गुण येत नाही म्हणून त्या गोळ्या सोडून देतील.

नौपाडाकर:
डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. सोसायटीच्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून तिची हाडे ‘सामान्य’ असल्याचे सांगितले होते, त्याचे काय करायचे? आणि जिने बंद करावेत का?

तंत्रज्ञ, वाशी:
टाचेची ती तपासणी ध्वनिलहरींची असते. तिच्या आकड्याला डेक्साचा −२.५ चा निकष लावता येत नाही, त्यामुळे हातात डेक्सा असताना ती बाजूला ठेवावी.

फिजिओथेरपिस्ट, ठाणे:
जिने पूर्ण बंद केले तर आई घरातच अडकतील आणि स्नायू आणखी अशक्त होतील. फेऱ्या मात्र मोजक्या ठेवाव्यात. खुर्चीत बसून गुडघा सरळ करत पाय उचलून काही क्षण धरणे, हा व्यायाम रोज करून घ्यावा. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवावा, टॉवेल अडकवायचा नव्हे. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर. म्हणून भाजीची पिशवी दुसऱ्याने घ्यावी.