नाशिक – अडीच फुटी टाकीत आफ्रिकन सिक्लिडबरोबर कोणते मासे ठेवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मदत हवीय आणि जरा लवकर हवीय, कारण रविवारी मासे आणायला जायचंय आणि लेक रोज विचारतेय की नक्की कोणते आणायचे.

आतेभावाची बदली झाली तेव्हा त्याने टाकी आतल्या माशांसकट आमच्याकडे दिली. ३० बाय १५ बाय १८ इंचाची आहे, म्हणजे हिशोबाने १३० लिटरच्या आसपास, पण खडी, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी ११०च्या वर नसावं. एक हँग ऑन फिल्टर, एक स्पंज फिल्टर, हिटर, आणि मागच्या बाजूला काळे दगड रचून केलेल्या दोन-तीन कपारी. मासे पाच, सगळे आफ्रिकन सिक्लिड जातीचे, ३ यलो लॅब, १ रेड झेब्रा आणि १ केनी. केनी भावाने आणला तेव्हा निळा होता, आता पूर्ण पिवळा झालाय, म्हणजे तो नर आहे एवढं मी वाचून काढलं.

अडचण या केनीचीच आहे. सगळ्या कपारी त्याने घेतल्यात आणि यलो लॅब बिचारे हिटरच्या मागे उभे असतात, खायला टाकलं की येतात, दोन दाणे घेतात आणि परत पळतात. एकाची शेपटी कडेने फाटलीय. झेब्रा त्याला थोडी टक्कर देतो पण मग त्या दोघांचं जुंपतं आणि बाकीचे मधे सापडतात. अजून एक, एक लॅब गेले काही दिवस खातच नाहीये, तोंड मिटून असते आणि गळ्याखाली फुगल्यासारखं दिसतंय, हा आजार आहे का तेही सांगा प्लीज, मला फार काळजी वाटतेय.

दुकानात विचारलं तर म्हणाले टाकी रिकामी दिसते म्हणून भांडतात, दोन एंजल, दोन बाला शार्क आणि काच साफ करायला एक सकर टाका, सगळे शांत होतील. पण मी वाचलं त्यात तर एंजल ॲमेझॉनकडचे, मऊ पाण्यातले, आणि आपले हे आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले, खारट नाही पण जड, अल्कलाइन पाण्यातले. मग एकत्र कसे राहणार? मोठी टाकी घेणं सध्या जमणार नाही, इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे, आणि चार फुटी टाकी म्हणजे पाण्याचंच वजन २५० किलोच्या आसपास, घरमालक हो म्हणणार नाहीत. तर आहे त्या टाकीत या माशांना सुखाने राहता येईल असे सोबती कोणते? की सोबती आणण्याऐवजी कोणाला काढायला पाहिजे?

प्रतिसाद

ताई, आधी घाबरू नका, ती लॅब आजारी नाही, बहुतेक तिच्या तोंडात अंडी आहेत. मलावीचे हे म्बुना, म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड, अंडी तोंडात सांभाळतात, साधारण तीन आठवडे मादी जवळजवळ काही खात नाही आणि मग छोटी छोटी पूर्ण तयार पिल्लं बाहेर सोडते. नीट बघा, मधूनमधून ती तोंडात काहीतरी चघळल्यासारखं करेल, ती अंडी फिरवत असते. तिला जाळीने पकडू नका, दचकली की अंडी थुंकून टाकते. पिल्लं जगली तरी यलो लॅब म्हणून कोणाला देऊ नका मात्र, तुमच्या टाकीत झेब्रा आणि केनीही आहेत आणि हे सगळे एकमेकांत क्रॉस होतात, बाप कोण ते सांगता येत नाही.

आता मूळ प्रश्न. सोबती नंतर, आधी केनी बाहेर. म्बुनांमधे केनी आणि ऑराटस हे दोन सगळ्यात तापट, चार फुटी टाकीतसुद्धा लोकांना आवरत नाहीत. पाच इंचापर्यंत जातो तो, अडीच फुटात बाकीच्यांना त्याच्या नजरेआड व्हायला जागाच नाही. झेब्राही द्या, तो केनीएवढा नसला तरी केनी गेला की राजा तोच होणार. मग फक्त यलो लॅब ठेवा. म्बुनांत त्यातल्या त्यात सगळ्यात समंजस मासा तोच, चार इंचाच्या आसपास राहतो. एका नरामागे तीन-चार माद्या असल्या की नराचं लक्ष वाटलं जातं आणि एकाच मादीला त्रास होत नाही. नर-मादी लहानपणी ओळखू येत नाहीत म्हणून दीड इंची सहा पिल्लं घ्या, मोठी झाली की जास्तीचे नर कोणाला तरी द्या. एकाच जातीची टाकी म्हटलं की लोकांचा हिरमोड होतो पण काळ्या दगडांपुढे सात-आठ पिवळेधमक मासे फिरताना बघा एकदा.

बाला शार्क एक फुटापर्यंत वाढतो आणि त्याला पोहायला लांबी लागते. एंजलच्या लांब पंखांना हे कुरतडतील. साधा सकर तर फुटाच्याही वर जातो. शेवाळासाठी हवाच असेल तर एकच ब्रिसलनोज, तो चार-पाच इंचात थांबतो.

प्रतिसाद

मी सिडकोत राहतो, पाण्याबद्दल सांगतो. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी येतं ते ठीक आहे, पण बहुतेक बिल्डिंगमधे खालच्या टाकीत बोअरचं मिसळतात आणि आपल्याकडचं बोअर जड असतं. बाकीच्या माशांना ते त्रासाचं, तुमच्या माशांना उलट चांगलं. पीएच ७.८ ते ८.५ मधे असला की बाटल्यातलं काही टाकायची गरज नाही. कमी भरला तर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमधे ठेवा, हळूहळू वर येतो.

पण यातच एक मेख आहे. पीएच वाढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो, ७ वरून ८ वर गेलं की त्याचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून "आफ्रिकन टाकीत मासे ठासून भरा म्हणजे मारामारी कमी होते" हा जो सल्ला सगळीकडे मिळतो ना तो चार फुटी टाकी आणि दांडग्या फिल्टरवाल्यांसाठी आहे, ११० लिटरला तो लावायला गेलात तर मारामारीआधी पाणीच मासे मारेल. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला, अँटी क्लोरीन टाकून. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही, त्यातले बॅक्टेरिया मरतात.

खाण्यात ब्लडवर्म आणि ट्युबिफेक्स बंद. म्बुना दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, आतडं लांब, मांसाहारी खाणं जास्त झालं की पोट फुगतं आणि मग वाचवणं अवघड. स्पिरुलिनाचे दाणे, मधूनमधून उकडलेला मटार साल काढून. आणि थंडीत हिटरवर भरवसा ठेवून निर्धास्त राहू नका, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०च्या खाली उतरतो, थर्मामीटर लावाच, २५-२६ राहिलं पाहिजे. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा.

प्रतिसाद

माझं मत थोडं वेगळं आहे. सगळेच मलावीचे देऊन टाका आणि टँगानिका तळ्याचे मल्टी ठेवा. ते शंखात राहणारे सिक्लिड, नर जेमतेम पावणेदोन इंच, मादी त्याहून लहान. तुमच्या टाकीत पूर्ण वसाहत होईल, आणि पिल्लं आईबापांबरोबरच राहतात, मोठी भावंडं हाकलून देत नाहीत. तळाला दोन-तीन इंच बारीक वाळू लागते, दिवसभर उकरून स्वतःच्या शंखाभोवती खड्डे करतात, बघत बसावंसं वाटतं. घोटी-इगतपुरीकडे भाताच्या खाचरांतून गोगलगायींचे रिकामे शंख मिळतात ना, ते उकळून, घासून वापरा. दुकानात मल्टी सहज मिळत नाहीत, पाळणाऱ्यांकडूनच घ्यावे लागतात. लॅबबरोबर मात्र ठेवू नका, लॅब त्यांची पिल्लं खातील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. खरंच, आज नीट निरखून पाहिलं तर ती चघळल्यासारखं करतेय! लेकीने शाळेतून आल्यापासून टाकीसमोर ठाण मांडलंय. मल्टी फार आवडले वाचून, पण लॅब आता देववणार नाहीत, म्हणून लॅबचीच टाकी ठरवली. शार्क-एंजल रद्द.

दोन गोष्टी राहिल्या. सहा नवीन आणले तर जुने त्यांना त्रास देतील का? आणि केनी-झेब्राचं काय करू? शेजारच्या काकांनी सांगितलं गोदावरीत सोडा, पुण्य लागेल, पण मला ते बरोबर वाटत नाहीये.

प्रतिसाद

नदीत अजिबात नको ताई. टाकीतले सकर लोकांनी असेच सोडले आणि आज देशात कितीतरी नद्या-तलावांत कोळ्यांच्या जाळ्यात तेच येतायत. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया तळ्यात १९५०-६०च्या दशकात बाहेरून नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा आणून सोडला आणि तिथल्या शेकडो जातींचे सिक्लिड संपले. आफ्रिकेचा मासा आपल्या गोदावरीत कशाला?

नवीन मासे अंडीवालीची पिल्लं बाहेर येईपर्यंत आणू नका, म्हणजे हा रविवार सोडा. आणाल तेव्हा सगळे एकदम आणा, एकेक नाही. त्याआधी दगड काढून वेगळ्या रचनेत लावा, कपारी वाढवा, कोणाचीच जागा ठरलेली राहत नाही मग. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, थोडं थोडं टाकीचं पाणी त्यात घाला आणि संध्याकाळी लाइट बंद करून सोडा.

केनी आणि झेब्रा मी घेतो. नाशिकरोडला माझी पाच फुटी टाकी आहे, तिथे त्यांच्या तोडीचे बरेच आहेत. पकडायला दगड आधी काढा आणि दोन जाळ्या वापरा, अंडीवालीला धक्का लावू नका. आदल्या दिवशी त्या दोघांना खायला घालू नका, वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, दोन्ही थर्माकोलच्या खोक्यात ठेवून आणा. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, वेळ कळवा.