उन्हाळ्यातलं घरचं गोड आणि गार: तुमच्याकडे काय होतं?

चैत्रगौर बसली की आमच्याकडे पन्ह्याचा हिशेब सुरू होतो. हळदीकुंकवाला पंचवीसएक बायका, प्रत्येकीला पेलाभर पन्हं, वाटीत आंबेडाळ, ओटीत भिजवलेले हरभरे. सासूबाईंचं प्रमाण मला पाठ आहे: कैरीचा गर एक वाटी, किसलेला गूळ दोन वाट्या. गेल्या वर्षी गावठी कैरी मिळाली नाही म्हणून मंडईतून तोतापुरी आणली आणि प्रमाण मात्र तेच ठेवलं. पन्हं नुसतंच गोड झालं, पेले अर्धे परत आले. तोतापुरीला मुळात आंबटपणा कमी, तिला सव्वा वाटी गूळ पुष्कळ झाला असता. तेव्हापासून आधी गराचं बोट जिभेला लावते, मग गुळाला हात घालते.

छापील कृतीत हे असं सापडत नाही, म्हणून हा अनुभव धागा. उन्हाळ्यात तुमच्या घरी हातानं काय केलं जातं ते लिहा. सरबत, कुल्फी, श्रीखंड, काहीही चालेल, फक्त रोजच्या ओट्यावर होणारं हवं. प्रमाण लिहाच. कुठे बिघडलं आणि का, तेही लिहा.

माझं पन्हं असं: कैऱ्या कुकरला दोन शिट्ट्या. ज्या भांड्यात कैऱ्या ठेवते त्यात पाणी घालत नाही, नाहीतर गर पाणचट होतो. गर कोमट असतानाच गूळ मिसळायचा, म्हणजे वेगळा विरघळवावा लागत नाही. चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड, चार काड्या केशर. हा गर फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतो. पेल्यात दोन डाव गर आणि वर माठातलं पाणी.

रत्नागिरीहून

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे रातांबे, कोकमाची फळं. एप्रिल संपता संपता झाडाखाली लाल-जांभळा सडा पडायला लागतो आणि पाऊस सुरू झाला की संपलं. भिजलेल्या रातांब्याला लगेच बुरशी धरते, म्हणून जे काय करायचं ते मे महिन्यातच उरकावं लागतं.

फळं धुऊन अगदी कोरडी पुसायची. आडवी चिरून आतल्या बिया आणि गर वेगळा काढला की सालीची छान वाटी होते. त्या वाटीत साखर दाबून भरायची आणि वाट्या काचेच्या बरणीत एकावर एक रचायच्या. एक किलो वाट्यांना दोन किलो साखर. बरणीच्या तोंडाला दादरा बांधून अंगणात उन्हात ठेवायची, तिन्हीसांजेला आत घ्यायची. दुसऱ्या दिवशी तळाला बोटभर रस दिसतो. चौथ्या दिवशी वाट्या आक्रसून रसात बुडालेल्या असतात, आणि बरणी उन्हात उचलली की पांढऱ्या भिंतीवर लाल कवडसा पडतो. रोज एकदा बरणी हलवायची असते, मी त्या कवडशासाठी तीनदा हलवते. आठ दिवसांनी गाळून बाटल्या भरायच्या. हेच आमचं अमृत कोकम. पिताना एका भागाला चार-पाच भाग पाणी, चिमूट मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, एवढी साखर कशाला? किलोला सव्वा किलोच घातली. पंधरा दिवसांत बाटल्या फसफसल्या आणि सगळ्या ओतून द्याव्या लागल्या. सासूबाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की ही साखर गोडीसाठी नसते, टिकण्यासाठी असते. आणखी एक, रातांब्याला ऍल्युमिनियमचं भांडं लावू नका. आंबट रसानं भांडंही खराब होतं आणि रसही.

बिया टाकू नका. वाळवून, कुटून, उकळून त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, काढतात. भेगाळलेल्या टाचांना त्यासारखं दुसरं काही नाही.

धागा काढणारी, पुण्याहून

ताई, तुमच्या सासूबाईंचं म्हणणं माझ्या पन्ह्याला अगदी उलटं लागू होतं. माझं प्रमाण चवीचं, ते फळाप्रमाणे हलवायला हवं होतं. तुमचं टिकवण्याचं, ते हलवायचंच नव्हतं. हा फरक इतक्या वर्षांत मला कुणी सांगितला नव्हता.

एक शंका आहे. इथे ताजे रातांबे मिळत नाहीत, पण आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मिळतं. त्याचं सरबत करता येईल का?

रत्नागिरीहून

आगळात भरपूर मीठ असतं हो. ते सोलकढीचं. गोड सरबत करायचं तर कमी मिठाची आमसुलं घ्या, दहाबारा आमसुलं दोन तास पाण्यात भिजवून कुस्करा आणि त्या पाण्यात साखर घाला. रंग थोडा फिका येईल, चव येईल.

म्हापशाहून

रातांब्यांना आम्ही भिरंडां म्हणतो. उन्हाळ्यात जेवणाच्या शेवटी कढी हवीच. नारळाचं जाड दूध, आगळ, ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची. आगळ थेंबाथेंबानं घालत ढवळायचं आणि रंग फिका गुलाबी आला की थांबायचं. विस्तवावर अजिबात ठेवायची नाही, दूध फुटतं.

अकोल्याहून

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. सकाळी दहानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. बाबा शेतातून यायचे तेव्हा खिशात कांदा आणि डोक्याला ओला दुपट्टा असायचा. आल्या आल्या आजी त्यांना गार पाणी देत नसे. आधी गुळाचा खडा आणि माठातलं दोन घोट पाणी, पाच मिनिटं सावलीत बसणं, आणि मग पन्हं.

आमचं पन्हं उकडलेल्या कैरीचं नव्हे, भाजलेल्या. सकाळचा स्वयंपाक झाला की आजी चुलीतल्या निखाऱ्यात कैऱ्या पुरायची. थोड्या वेळानं साल काळी पडून तडकायची, तडकलेल्या जागेतून रसाचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र आवाज व्हायचा, आणि त्या आवाजावर आजी कैरी फिरवायची. आता मी गॅसवर जाळी ठेवून मंद आचेवर करते. कैरी सगळीकडून मऊ लागली पाहिजे, नुसती वरून काळी होऊन चालत नाही. मोठ्या आचेवर घाई केली की साल जळते आणि कोयीजवळ गर कच्चा राहतो. असं पन्हं घशाला खवखवतं. गार झाल्यावर साल काढायची, गर हातानं कुस्करायचा, गूळ, मीठ, भाजलेलं जिरं आणि पुदिन्याची पाच-सहा पानं ठेचून घालायची. केशर-वेलदोडा यात नको, धुराचा वास मरतो.

दुसरी आंबील. ज्वारीचं पीठ दोन मोठे चमचे, वाटीभर ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते मिश्रण सतत ढवळत घालायचं, मीठ घालून पातळसर शिजवायचं. गार झाल्यावर आणखी ताक, ठेचलेली लसूण, जिरं. ही गोड नसते, पण दुपारी बारा वाजता पोटात हीच लागते. म्हणून लिहिली.

लातूरकडून, पेशानं परिचारिका

मला कृतीपेक्षा एक वेगळं प्रमाण लिहायचं आहे. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे जुलाबानं मलूल झालेली लेकरं येतात आणि आई सांगते, सकाळपासून सरबत देतेय की. विचारल्यावर कळतं की पेल्याला तीन-चार चमचे साखर घातलेली असते. जुलाब होत असताना इतकं गोड पाणी दिलं तर जुलाब वाढतात. अशा वेळी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाट, शीग नाही. ओआरएसची पुडी मिळाली तर तीच आधी. लेकरू मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर घरी सरबत करत बसू नका, दवाखान्यात आणा.

पाहुण्यांच्या सरबताला जिभेचं प्रमाण लावा, पण या पाण्याला मोजायचा चमचाच लागतो.

रसवंतीवर रस घेताना बिनबर्फाचा मागा. घरच्या सरबतात बर्फ घालायचा तर तोही उकळलेल्या पाण्याचा.

साताऱ्याहून

माझी आठवण पॉटमधल्या आईस्क्रीमची. मे महिन्यात आजोळी आम्ही तेरा भावंडं. मामानं सायकलच्या कॅरिअरवरून लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली की आम्ही फाटकापासून तिच्यामागे पळायचो. लाकडी बादली, तिच्या मधोमध उभा डबा, डब्यात आटवून पूर्ण गार केलेलं दूध आणि हापूसचा रस. दूध कोमट असलं की रसानं फुटतं, म्हणून आजी डब्याला आधी स्वतः हात लावून बघायची. बादलीत भोवती फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ, एक थर बर्फाचा की मूठभर मीठ. नुसता बर्फ शून्य अंशाच्या खाली जात नाही आणि गोड दूध शून्याला गोठत नाही. मीठ पडलं की बर्फ वितळतो आणि वितळताना आणखी गार होतो, म्हणून आतलं घट्ट होतं. हे मला शाळेत नंतर कळलं, मामा नुसतं म्हणायचा, मीठ टाका, मीठ थंडी ओढतं.

बादली हलू नये म्हणून एकानं वर दुमडलेल्या गोणपाटावर बसायचं आणि दुसऱ्यानं दांडा फिरवायचा. प्रत्येकाला शंभर फेरे. सुरुवातीला दांडा हलका, बर्फाचा नुसता खडखडाट. अर्ध्या तासानं आवाज बसका व्हायचा, दांडा जड. लहानांना फिरेनासा झाला की मामा शेवटचे फेरे स्वतः मारायचा.

एका वर्षी बादलीचं खालचं भोक भुशानं बुजलं. खारं पाणी साचत साचत डब्याच्या झाकणापर्यंत आलं आणि आत शिरलं. पाच लिटर दुधाचं आईस्क्रीम खारट. मामी डोळ्याला पदर लावून बसली, कारण दूध त्या दिवशी खास जास्तीचं घेतलं होतं. त्यानंतर भोकात काडी घालून बघायचं काम माझ्याकडे आलं, आणि पॉट विकेपर्यंत ते माझ्याकडेच होतं.

आता मी साधी कुल्फी करते. एक लिटर म्हशीचं दूध आटवून निम्मं, साखर सहा चमचे, वेलदोडा. आटवताना कडेची साय खरवडून परत दुधात. साच्यावर झाकण घट्ट हवं, नाहीतर वर बर्फाच्या काड्या धरतात. आटवायचा कंटाळा करून दूध पातळ ठेवलं तरी तेच होतं, दुधातलं पाणी वेगळं गोठतं.

इंदूरहून

आमच्याकडे शिकंजी म्हणतात ती लिंबाची नसते. आटवलेलं गार दूध, त्यात किंचित आंबट ताक, केशर, जायफळ, सुकामेवा. मी घरी सोपं करते: उरलेलं श्रीखंड दोन डाव, त्यात पेलाभर आटवलेलं गार दूध, आणि फेटणं. पाडव्याचं श्रीखंड असं तिसऱ्या दिवशी संपतं.

इंग्लंडमधून, लीड्सजवळून

इथे कैरी मिळते ती महाग आणि बेचव. पहिली दोन वर्षं पन्ह्याविना गेली. मग शेजारच्या आजींनी त्यांच्या परसातले रुबार्बचे दांडे दिले. लालसर, सेलरीसारखे दिसणारे आणि चांगले आंबट. आमचा भाग रुबार्बसाठी प्रसिद्धच आहे, वेकफील्डच्या आसपास हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये ते वाढवतात. परसातले दांडे मात्र एप्रिल ते जून.

तुकडे करून अगदी कमी पाण्यात दहा मिनिटं शिजवले, घोटले, गाळले. एक वाटी गराला दीड वाटी गूळ, वेलदोडा, मीठ. रंग गुलाबी आला. चव हुबेहूब नाही, पण डोळे मिटून घेतलं की पहिल्या घोटाला आईचं स्वयंपाकघर आठवतं. पानं मात्र पूर्ण काढून टाका, ती विषारी असतात. फक्त दांडा.

श्रीखंडाला ग्रीक योगर्ट घेते. ते आधीच निथळलेलं असतं, तरी दोन तास पंचात बांधून ठेवते, नाहीतर साखर घातल्यावर सैल पडतं.

सोलापूरहून

घरात दोघांना मधुमेह, त्यामुळे वरचं सगळं वाचून आनंद झाला आणि वाईटही वाटलं. आमचा उन्हाळा ताकाचा. दोन डाव दही, चार पेले पाणी, आलं, कोथिंबीर, भाजलेलं जिरं. आणि माठात वाळ्याची जुडी पातळ फडक्यात बांधून सोडते. दर तिसऱ्या दिवशी काढून उन्हात वाळवते, नाहीतर कुबट वास येतो. पाण्याला असा काही सुगंध येतो की साखरेची आठवण येत नाही.

बेंगळुरूहून

रामनवमीला इथे घरोघरी पानक करतात. गूळ, पाणी, सुंठ, वेलदोडा, लिंबू. शिजवायचं काही नाही, दहा मिनिटांचं काम. महाराष्ट्रात आपण त्या दिवशी सुंठवडा वाटतो. आम्ही आता दोन्ही करतो.

पुण्याहून, पुन्हा मी

वाळ्याची जुडी आजच आणली आणि माठात सोडली. सोलापूरच्या ताई, तुम्ही आलात हे फार बरं झालं. हळदीकुंकवाला आमच्या दोन मैत्रिणींना गोड चालत नाही आणि दरवर्षी मी त्यांच्या हातात नुसतं पाणी देते. या वेळी वाळ्याचं पाणी आणि ताक ठेवते.

शनिवारी हळदीकुंकू आहे. या वर्षी पन्हं भाजलेल्या कैरीचं करायचं ठरवलं आहे. अकोल्याच्या ताई, पंचवीस पेल्यांना किती कैऱ्या लागतील?

अकोल्याहून

मध्यम असल्या तर नऊ-दहा पुरतात. एका वेळी जाळीवर तीनच ठेवा, आणि भाजताना बाजूला जाऊ नका. गूळ एकदम घालू नका, तुम्हीच लिहिलंय तसं आधी बोट जिभेला लावा. आणि ताई, भाजणं शुक्रवारी रात्रीच उरका. गर फ्रीजमध्ये रात्रभर राहिला की धुराचा वास आणखी मुरतो.