प्रश्न वाटेचा आहे
"वर्षातून एकदा झेंडे नाचवले तर बिघडलं कुठे?" असं जेरुसलेममधल्या इस्रायली ध्वजयात्रेबद्दल विचारलं जातं. बिघडतं ते वाटेवर. ही यात्रा १९६७ च्या जूनमध्ये इस्रायलने शहराचा पूर्व भाग घेतल्याच्या आठवणीत निघते. पश्चिम भिंतीकडे, म्हणजे ज्यूंच्या पवित्र स्थळाकडे, जुन्या शहराच्या जाफा गेटमधूनही जाता येतं, मुलींचे जथे तसेच जातात. मुलगे मात्र दमास्कस गेटमधून मुस्लिम मोहल्ल्यात शिरतात. अरुंद दगडी बोळ. पॅलेस्टिनी दुकानदार आधीच शटर ओढून घेतात. मग त्या शटरांवर दणादण बुक्क्या आणि 'अरबांना मरण'च्या घोषणा. सगळेच देतात असं नाही, मान्य. १० मे २०२१ ला ऐनवेळी मार्ग बदलला, तरी संध्याकाळी गाझातून हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेची रॉकेटं आलीच आणि पुढे ११ दिवस युद्ध चाललं.