खुल्या स्रोताचा पीएलसी: कुंपण कुठे घालायचं?

बिनतारी (धागाकर्ता)
आम्ही सहा-सात जणांनी खुल्या स्रोताचा औद्योगिक कंट्रोलर, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा पीएलसी, करायला घेतलाय. सर्किट, फर्मवेअर, प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, सगळं उघडं. चार महिने झाले, एक बोर्ड सोल्डर झालेला नाही, पण ‘यात हेही हवं’ ही यादी दोन पानांवर गेलीय. सर्व्हो, सेफ्टी, इथरकॅट, क्लाउड... परवा एकाने कॅमेरा सुचवला. म्हणून कात्री घेऊन बसलोय.

पहिल्या आवृत्तीत माझ्या मते एवढंच: २४ व्होल्टचे १६ इनपुट, १६ आउटपुट, ४ ते २० मिलिॲम्पिअरचे ४ ॲनालॉग इनपुट, मॉडबस (उपकरणांना आपसात बोलायचा प्रोटोकॉल), १० मिलिसेकंदांची ठाम स्कॅन सायकल (इनपुट वाचा, प्रोग्रॅम चालवा, आउटपुट लिहा, ही एक फेरी). भाषा एकच, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट (साध्या कोडसारखी ओळींत लिहायची). लॅडर (शिडीसारख्या आकृतीची भाषा) नंतर. सेफ्टी (माणसाला इजा होऊ नये म्हणून मशीन थांबवणं) आणि मोशन (सर्व्हो मोटारींची हालचाल) कधीच नाही, ‘पुढे बघू’सुद्धा नाही.

हाणा आता.

रात्रपाळी
लॅडर नंतर? मग राहू द्या की.

मी देखभालीत आहे. रात्री अडीचला लाइन थांबते तेव्हा प्रोग्रॅम लिहिणारा झोपलेला असतो. मी लॅपटॉप जोडतो, ज्या कॉइलला (लॅडरमधल्या आउटपुटला) ‘ऑन’ व्हायचंय तिची ओळ काढतो आणि हिरवं कुठे तुटलंय ते बघतो. पाच कॉन्टॅक्ट (ओळीतल्या अटी) हिरवे, सहावा नाही. तो सिलिंडरचा रीड स्विच (आतल्या चुंबकाने चालणारा). स्विच जागेवरून सरकलेला असतो, घट्ट करायचा, लाइन चालू. सगळं मिळून दहा मिनिटं. हेच तुमच्या टेक्स्टमध्ये चार ‘अँड’, दोन ‘नॉट’ आणि कंसात कंस असेल, तर मी अडीच वाजता बीजगणित सोडवत बसायचं का?

१९६९ च्या सुमारास मॉडिकॉन ०८४ हा सुरुवातीचा पीएलसी आला तो मोटार कारखान्यातल्या रिलेंच्या (विजेने चालणाऱ्या स्विचांच्या) पॅनेलांच्या जागी. इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून रिलेच्या आकृतीसारखीच भाषा ठेवली होती. ती सोय होती, मागासलेपणा नव्हता. ती अजूनही सोयच आहे.

अर्धविराम
तीव्र असहमत.

इंटरलॉकसाठी (‘हे झाल्याशिवाय ते नको’ अशा अटींसाठी) लॅडर छान, मान्य. पण त्याच लॅडरमध्ये रेसिपीची टेबलं, बारकोडची स्ट्रिंग आणि तीन झोनचं तापमान सांभाळून दाखवा. दोनशे ओळींनंतर लिहिणाऱ्यालाच कळत नाही. आणि प्रकल्प खुला आहे ना? मग दहा ठिकाणचे लोक बदल पाठवणार. टेक्स्टमधला बदल दोन ओळींत दिसतो. लॅडरची एक्सएमएल फाइल मात्र एक कॉन्टॅक्ट इकडचा तिकडे केला की अर्धी बदललेली दिसते. तपासणार कोण?

शिवाय भाषा म्हणजे दगडावरची रेघ नाही. पीएलसीच्या भाषांचं मानक आयईसी ६११३१-३, त्याच्या पहिल्या आवृत्तीत, १९९३ मध्ये, इन्स्ट्रक्शन लिस्ट नावाची भाषाही होती. २०१३ च्या आवृत्तीने ती कालबाह्य ठरवली. कोणी रडलं नाही. स्ट्रक्चर्ड टेक्स्टवरून सी कोड काढणारा कंपायलर मॅटआयईसी तयार आहे, ओपनपीएलसी आणि बेरेमिझ हे खुले प्रकल्प त्यावरच उभे राहिले. लॅडरचे एडिटरही त्यांच्याकडे आहेत. आपण पुन्हा चाक घडवायचं कशाला?

रात्रपाळी
सी काढा, कंपाइल करा, चढवा. छान. पण या साध्या रस्त्याने गेलं की एक टायमर ३ सेकंदांचा ५ करायलाही प्रोग्रॅम थांबवून पुन्हा चढवावा लागतो. भट्टी तापलेली असताना हे मी कोणाला सांगू?

अर्धविराम
टायमरचा आकडा प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवणं हीच मुळात चूक. तो पॅरामीटर हवा, चालू मशीनवर बदलता येणारा. तुमची तक्रार भाषेविरुद्ध नाही, आळशी प्रोग्रॅमरविरुद्ध आहे.

रात्रपाळी
आळशी प्रोग्रॅमर हा तर पीएलसीचा कायमचा भाग आहे, राव. स्पेसिफिकेशनमध्ये धरूनच चाला.

पॅनेलवाला
भाषेवर भांडा खुशाल, पण सगळे ज्यावर उभे आहात ते बोर्ड टिकणार का, हे कोणी विचारलं नाही.

‘१६ इनपुट’ याला स्कोप म्हणत नाहीत. आयईसी ६११३१-२ (पीएलसीच्या हार्डवेअरचं मानक) च्या टाइप १ प्रमाणे १५ व्होल्टच्या वर ‘ऑन’ आणि ५ च्या खाली ‘ऑफ’ हे पाळणार का, ते लिहा. मधल्या पट्ट्यात तुमचं इनपुट काय करतं यावर रात्रपाळीसाहेबांची झोप ठरते. आउटपुटवर कॉन्टॅक्टरची (मोठ्या रिलेची) कॉइल येणार, ती सोडताना उलटा व्होल्टेज मारणार. त्याची सोय बोर्डावर की ‘बाहेरून डायोड लावा’? वीज गेल्यावर काउंटर कुठे राहणार?

मी एकदा एका छोट्या मशीनवर लिनक्सचा एक उघडा बोर्ड लावला होता. चालला झकास. मग वीज तीनदा गेली-आली, मेमरी कार्डवरची फाइल सिस्टिम फाटली आणि मशीन सुरूच होईना. प्रोग्रॅम निर्दोष होता हो! म्हणून माझ्या मते स्कोपची पहिली ओळ ही असावी: चालू स्कॅनमध्ये कुठल्याही क्षणी वीज काढा, हजार वेळा काढा, कंट्रोलर शेवटच्या रिटेन केलेल्या (वीज गेली तरी जपून ठेवलेल्या) आकड्यांसह उठला पाहिजे. हे जमलं की मग भाषा.

आणि त्या १० मिलिसेकंदांसाठी लिनक्स घेऊ नका. रिअल-टाइमचे पॅच २०२४ मध्ये ६.१२ कर्नलमध्ये आले, चांगलंच झालं, पण एवढ्या कामाला साधा मायक्रोकंट्रोलर आणि एफरॅम (वीज गेली तरी न विसरणारी मेमरी) पुरतो. बूट व्हायला वेळही लागत नाही.

बिनतारी
पॅनेलवाले, ही ओळ जशीच्या तशी उचलतो. लिनक्सचं बोर्ड मी धरलं होतं, ते रद्द.

मोकळा_स्रोत
सेफ्टी ‘कधीच नाही’ हे मात्र पटलं नाही. कोड हजार डोळ्यांखालून जाणार, मग बंद डब्यापेक्षा आपला जास्त सुरक्षित नाही का? निदान दार तरी उघडं ठेवा.

बिनतारी
नाही. आयईसी ६१५०८, म्हणजे सेफ्टीचं मानक, फक्त कोड बघत नाही. गरजा कशा लिहिल्या, कोणी तपासल्या, कुठला कंपायलर वापरला, कुठली चिप, याचा सगळा माग लागतो, आणि मूल्यांकन होतं ते ठरावीक आवृत्तीचं, ठरावीक हार्डवेअरवर. उद्या कोणी आपला कोड घेऊन एक ओळ बदलली की ते प्रमाणपत्र त्याच्या कामाचं नाही. पण बोर्डावर ‘सेफ्टी’ छापलेलं राहणार आणि कोणीतरी इमर्जन्सी स्टॉप सरळ इनपुटला जोडणार. त्या माणसाच्या हाताची जबाबदारी घ्यायला मी तयार नाही.

त्याऐवजी आउटपुटांचा २४ व्होल्ट पुरवठा वेगळ्या टर्मिनलवर काढतो, दोन गटांत. सेफ्टी रिले तो पुरवठा बाहेरून तोडेल. आपल्या कंट्रोलरला फक्त कळेल की तुटलाय.

मोकळा_स्रोत
दोन गट असतील तर चालेल. पण मग मॉडबसचं काय? १९७९ चा प्रोटोकॉल, ना ओळख ना पासवर्ड. पोर्ट ५०२ ला (नेटवर्कवरच्या मॉडबसच्या दाराला) पोचलेला कोणीही कॉइल लिहू शकतो.

पॅनेलवाला
बाहेरून लिहिणं मुळात बंद ठेवा, वाचणं चालू. ज्याला लिहायचंय तो रजिस्टरं एकेक करून उघडेल. (अवांतर: निम्म्या व्हीएफडींना, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हना, अजून मॉडबसच कळतो, त्यामुळे तो काढायचा विषयच नाही.)

बिनतारी
मान्य. आता भाषेचं. दोन दिवस विचार केला. अर्धविराम, बदल तपासण्याचा तुमचा मुद्दा खरा आहे, म्हणून प्रोग्रॅम साठवायचा टेक्स्टमध्येच. पण पहिल्या आवृत्तीत लॅडर असेल: कॉन्टॅक्ट, कॉइल, टायमर, काउंटर, तुलना. बस्स. आणि हिरवी ओळ चालू मशीनवर दिसेल. चालू प्रोग्रॅममध्ये बदल करणं नाही, त्याऐवजी पॅरामीटर. स्ट्रक्चर्ड टेक्स्ट दुसऱ्या आवृत्तीत.

अर्धविराम
पाच ब्लॉकांत रेसिपी कशी बसवणार ते बघायला येईन. पण टेक्स्टमध्ये साठवणार असाल तर तपासायला मी आहे.

रात्रपाळी
फोर्स? म्हणजे इनपुट-आउटपुट हाताने ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ धरून ठेवायची सोय?

बिनतारी
आहे. वीज गेली की फोर्स पुसला जाईल.

रात्रपाळी
चुकताय. स्विच खराब म्हणून मी इनपुट फोर्स करून सकाळपर्यंत लाइन ओढतो. मध्ये वीज गेली की पुन्हा मलाच उठवणार.

बिनतारी
आणि तुम्ही सकाळी सांगायला विसरलात, तर तो फोर्स सहा महिने तसाच. पुसला जाणारच.

रात्रपाळी
बरं, पुसा. पण फोर्स लागलाय हे सांगणारा वेगळा दिवा द्या. लाल, पुढच्या बाजूला, पॅनेलचं दार उघडल्याबरोबर दिसणारा.

बिनतारी
दिवा स्कोपमध्ये.