सर्व्हर पडला की आधी डीबग लावणाऱ्यांनो, जरा थांबा

रात्रपाळी (धागा यांचा)

गेल्या आठवड्यात झालेली फजिती सांगतो, मग माझं म्हणणं. शिव्या शेवटी घाला.

एका ग्राहकाचं अर्ज भरायचं पोर्टल आमच्याकडे देखभालीला आहे. स्प्रिंग बूट (जावाचा सांगाडा), पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर), ८ जीबी मेमरीची एकच मशीन आणि डेटाबेसही तिच्यावरच (बजेट नाही, हे ऐकून कान किटलेत). तीन रात्री लागोपाठ साडेअकराच्या सुमाराला ॲप मरायचं. लोकांना ५०२ (मागचं ॲप उत्तर देत नाही) दिसायचं, सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सांभाळणारा) ॲप परत उभं करायचं, मिनिटाभरात सगळं सुरळीत. ॲपच्या लॉगमध्ये (ॲप स्वतः लिहितं ती नोंदींची फाइल) मरण्याआधीची शेवटची ओळ काय, तर कुणीतरी लॉगिन केलं. त्याच्या खाली थेट स्प्रिंगचा सुरू होतानाचा बॅनर. एरर नाही, स्टॅक ट्रेस (चूक कोडात कुठे झाली त्याची वाट) नाही, काही नाही.

मीटिंगमध्ये नेहमीचा ठराव पास झाला: "लॉग कमी पडतायत, रूट लेव्हल डीबग करा." (लॉगच्या पायऱ्या एरर, वॉर्न, इन्फो, डीबग, ट्रेस; पुढे जावं तसा तपशील वाढतो. रूट म्हणजे अख्ख्या ॲपला.) शुक्रवारी संध्याकाळी केली. हायबरनेटने (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) एकेक क्वेरी आणि एचटीटीपी क्लायंटने एकेक हेडर ओतायला सुरुवात केली. शनिवारी सकाळी सातला फोन. आता ॲपच्या जोडीला डेटाबेसही आडवा. डिस्क १०० टक्के, एकट्या लॉगची फाइल ३८ जीबी. आमच्या पोराने घाईत ती फाइल उडवली, तरी डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतंय १०० टक्के आणि डीयू (दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करणारी) म्हणतंय भरपूर जागा आहे! जावाने फाइल उघडी धरलेली होती. नाव पुसलं तरी प्रोसेस ती सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. एलएसओएफमध्ये (उघड्या फाइलींची यादी) 'डिलिटेड' असा शेरा मारलेली ती ओळ दिसली, रीस्टार्ट मारला, तेव्हा कुठे डिस्कने श्वास घेतला.

मूळ कारण सोमवारी सापडलं, तेही दोन मिनिटांत. जर्नलसीटीएलने (सिस्टमच्या नोंदी वाचायची कमांड) फक्त कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) निरोप काढले. तीन रात्री, तीन ओळी: 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', पुढे जावा. ग्राहकाच्या ऑफिसातलं कुणीतरी रोज रात्री सगळ्या अर्जांची एक्सेल काढत होतं. आमचा कोड ती अपाचे पीओआय (एक्सेल बनवायची जावा लायब्ररी) वापरून अख्खी मेमरीत बांधत होता. हीपला (जावा ॲपच्या वाट्याची मेमरी) ६ जीबीची मुभा, उरलेल्या दोनात डेटाबेस आणि बाकी सगळा संसार. हीप सहापर्यंत पोचायच्या आधीच मशीनची मेमरी संपायची आणि कर्नल सगळ्यात जाड्या प्रोसेसला सिग्नल ९ (जागच्या जागी मारायचा हुकूम) देऊन मोकळा. त्या सिग्नलला ॲपला एक अक्षरही लिहायची सवड मिळत नाही. लेव्हल ट्रेस ठेवली असती तरी तिथे काही दिसणार नव्हतं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तर माझं मत: प्रॉडक्शनवर डीबग लावूच नये. इन्फो पुरे. सर्व्हर पडला की आधी ॲपच्या बाहेर बघा: कर्नल, सिस्टमडीने नोंदलेलं मरणाचं कारण, एनजिनएक्सचा एरर लॉग, डिस्क, आयनोड (डिस्कवर फाइलींची नोंद ठेवायच्या जागा). ॲपचा लॉग त्यानंतर.

कोथरूडकर

साफ असहमत. गोष्ट झकास आहे, पण निकाल चुकीच्या आरोपीला लागलाय. ३८ जीबीची एक फाइल होते म्हणजे रोटेशन (जुनी लॉग फाइल बाजूला सारून नवी सुरू करणं) नुसतं तारखेवर होतं, आकाराची मर्यादा नव्हती. डेटाबेस आणि लॉग एका डिस्कवर. भिंतीला ओल आली म्हणून पावसाला शिव्या देताय, गच्ची कोण बघणार?

आता माझी गोष्ट. एका साइटवर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा गिऱ्हाइकाचे पैसे कापले जायचे आणि ऑर्डर मात्र 'फेल्ड'. आमच्याकडे तुमच्यासारखेच एक इन्फोभक्त सीनियर होते. लॉगमध्ये एकच ओळ: 'पेमेंट फेल्ड'. आता घ्या, काय समजायचं ते समजा. प्रत्येक वेळी घटना घडून गेल्यावर लेव्हल वाढवायची आणि आठवड्याने कुणीतरी परत खाली आणायची. तहान लागल्यावर विहीर खोदायची, पाणी लागायच्या आत बुजवायची. शेवटी भांडून त्या एका पॅकेजवर डीबग कायमचा ठेवला. सात आठवड्यांनी सापडलं. पेमेंट गेटवेचा कॉलबॅक (व्यवहाराचा निरोप) आणि गिऱ्हाइकाचा ब्राउझर एकाच क्षणी परत आले, दोन थ्रेडनी (ॲपमध्ये एकाच वेळी चालणारी कामं) तीच ऑर्डर 'पेंडिंग' म्हणून वाचली आणि मागून लिहिणाऱ्याने पहिल्याचं यश पुसलं. क्वेऱ्यांचा क्रम डीबगमध्ये होता म्हणून दिसलं. अशी चूक लोकल मशीनवर दहा वर्षं बसलात तरी येणार नाही.

रात्रपाळी

रोटेशन तारखेवरच होतं, कबूल. पार्टिशनचंही (डेटाबेस आणि लॉग एका डिस्कवर) कबूल.

पण तुमची ती 'पेमेंट फेल्ड' ओळ डीबगची बाजू मांडतच नाही हो. ती ओळच भिकार आहे. ऑर्डर नंबर, गेटवेचा संदर्भ क्रमांक, आधीची स्थिती, नंतरची स्थिती आणि थ्रेडचं नाव एवढं एका इन्फो ओळीत असतं तर पहिल्याच घटनेत दोन ओळी शेजारी दिसल्या असत्या, दोन्हीत आधीची स्थिती 'पेंडिंग'. लोक इन्फो लिहायचा आळस करतात आणि मग डीबगची कुबडी मागतात.

कोथरूडकर

कुठल्या ओळीत काय लागणार हे आधीच माहीत असतं तर बग कशाला राहिला असता? "स्थिती लिहायला हवी होती" हे तुम्हाला आज सुचतंय, कारण उत्तर मी वर लिहिलंय.

अण्णा सिस्टीमवाले

दोघेही गृहीत धरताय की कोडने लिहिलेला लॉग फाइलपर्यंत पोचतो. वीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय, हा विश्वास माझा कधीच उडालाय.

लॉगबॅकचा (जावाची लॉगिंग लायब्ररी) असिंक अपेंडर घ्या, नोंदी रांगेत ठेवून मागाहून लिहिणारा. आमच्या पोरांनी "परफॉर्मन्ससाठी" लावला होता. त्याची रांग मुळात २५६ नोंदींची. ती ८० टक्के भरली की तो ट्रेस, डीबग आणि इन्फो गुपचूप टाकून देतो, फक्त वॉर्न आणि एरर ठेवतो. म्हणजे सर्व्हरवर ताण आला, आता खरी लॉगची गरज, नेमक्या त्याच वेळी लॉगमध्ये भोकं. डीबग लावलात तर रांग आणखी लवकर भरते आणि तुमच्या चांगल्या इन्फो ओळीही डीबगबरोबर गटारात जातात. कोथरूडकर, हे तुमच्यासाठी.

रात्रपाळींसाठीही एक आहे. हॉटस्पॉट जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) तोच तो नल पॉइंटर (नसलेली वस्तू वापरल्याची चूक) पुन्हा पुन्हा आला की काही वेळाने स्टॅक ट्रेस लिहायचंच सोडून देतं, नुसतं एक्सेप्शनचं नाव येतं. एररच्या हजारो ओळी आणि एकीलाही पत्ता नाही. नवी माणसं म्हणतात लॉगिंग बिघडलं. बिघडलेलं नसतं, मागे जाऊन पहिली घटना शोधायची असते, तिथे ट्रेस असतो. आणि तुमचं रोटेशन ती जुनी फाइल आधीच उडवून बसलेलं असेल तर ओमिटस्टॅकट्रेसइनफास्टथ्रो हा पर्याय वजा चिन्हाने बंद करून पुढच्या वेळची वाट बघा.

डॉकरवाल्यांनो (ॲप डब्यात बंद करून चालवणाऱ्यांनो), हसू नका. त्याच्या जेसन-फाइल ड्रायव्हरला (लॉग फाइलवर लिहिणारा भाग) आकाराची मर्यादा आपण होऊन दिली नाही तर नसतेच. रात्रपाळींची ३८ जीबी तुमच्याकडे इन्फोवरही होईल, फक्त जरा सावकाश.

कोथरूडकर

अण्णा, तो टाकून द्यायचा उंबरठा शून्य करता येतो की.

अण्णा सिस्टीमवाले

येतो. मग रांग भरली की लिहिणारा थ्रेडच थांबतो. एकदा थ्रेड डंप (कुठला थ्रेड काय करतोय त्याची यादी) काढला होता, टॉमकॅटचे (जावाचा वेब सर्व्हर) जवळपास सगळे थ्रेड लॉगरच्या दारात उभे, रेशनच्या दुकानासारखे. डिस्क हळू होती एवढंच. साइट बंद आणि सीपीयू निवांत. काय निवडायचं ते निवडा, पण निवडलंय हे माहीत असू द्या.

सांगलीकर

तांत्रिक भांडण चालू दे, मी वेगळ्या कारणासाठी रात्रपाळींच्या बाजूने. डीबगमध्ये रिक्वेस्टची अख्खी बॉडी छापली जाते. म्हणजे ओटीपी, आधार क्रमांक, पासवर्ड. मे २०१८मध्ये ट्विटरने आपल्या सगळ्या, म्हणजे ३३ कोटींच्या वर लोकांना पासवर्ड बदलायची सूचना दिली होती. हॅशिंग (पासवर्ड उलगडता न येणाऱ्या रूपात बदलणं) पूर्ण व्हायच्या आधीच पासवर्ड आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. मार्च २०१९मध्ये फेसबुकनेही आतल्या यंत्रणेत कोट्यवधी पासवर्ड वाचता येतील असे साठल्याचं मान्य केलं. त्यांच्याकडे माणसांची कमी होती का?

आणि सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२चा आदेश आठवा. लॉग १८० दिवस, तेही भारताच्या हद्दीत सांभाळायचे. तुमचा डीबग आता १८० दिवस सांभाळा. वर त्याची चोरी झाली तर तीही कळवा.

कोथरूडकर

तो आदेश माझ्या बाजूचा आहे! त्याच आदेशात घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं म्हटलंय. 'पेमेंट फेल्ड' घेऊन कळवणार काय, कपाळ? आणि लेव्हल कुठली ठेवायची हे त्यात कुठेही नाही. संवेदनशील फील्ड झाका ना, लेआउटमध्येच मास्किंग लावता येतं.

सांगलीकर

लावलं होतं. 'पासवर्ड' आणि 'ओटीपी' या नावांवर. मग मोबाइलच्या टीमने नवीन फील्ड आणलं, नाव 'पिन२'. चार महिने उघडं छापलं जात होतं. सापडलं कसं? एका सपोर्टवाल्याने लॉगचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला.

बंडखोर बग

लॉगिंगच मुळात धोकादायक. डिसेंबर २०२१ विसरलात? लॉग-फोर-जे, जावाचीच दुसरी लॉगिंग लायब्ररी. लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात जेएनडीआयचा (नावावरून बाहेरची वस्तू शोधायची जावाची सोय) पत्ता घातला की लायब्ररी तो उघडून परक्या सर्व्हरचा कोड चालवायची. धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुणांची भेग. जितका जास्त लॉग, तितकी दारं.

कोथरूडकर

हा मुद्दा इथे लागू नाही. ती भेग इन्फोतून तितकीच उघडायची आणि एररमधूनही. ब्राउझरने पाठवलेलं एखादं हेडर कुठल्याही लेव्हलला छापलं की झालं. शिवाय स्प्रिंग बूट मुळात लॉगबॅक वापरतं.

नवशिकी

मोठ्या लोकांच्या भांडणात छोटा प्रश्न. माझं जँगोचं (पायथनचा वेब सांगाडा) ॲप आहे. लोकलवर टर्मिनलमध्ये सगळे ट्रेसबॅक (पायथनचे स्टॅक ट्रेस) येतात. सर्व्हरवर डीबग फॉल्स केलं आणि तेव्हापासून नुसतं 'सर्व्हर एरर ५००' असं पांढरं पान. लॉगमध्ये ट्रेसबॅकची एकही ओळ नाही. मित्र म्हणतो डीबग ट्रू कर, लगेच दिसेल.

अण्णा सिस्टीमवाले

ताई, मित्राचं ऐकू नका! जँगोचं ते डीबग आणि वर चाललंय ती लॉग लेव्हल या दोन वेगळ्या गोष्टी. ते ट्रू केलंत तर जगातल्या कुणालाही तुमच्या सेटिंग्ज आणि कोडचे तुकडे एररच्या पानावर वाचायला मिळतील.

झालंय असं: जँगोच्या मूळ मांडणीत कन्सोल हँडलरला (नोंद टर्मिनलवर पोचवणारा) चाळणी आहे, डीबग ट्रू असेल तरच तो बोलतो. फॉल्स झालं की एरर ॲडमिन्सच्या यादीला ईमेलने जातात. तुमची यादी रिकामी असणार. म्हणजे टपाल निघालं, पत्ताच नाही. सेटिंग्जमध्ये लॉगिंगचा डिक्शनरी ब्लॉक लिहा, त्यात आपला एक स्ट्रीम हँडलर बनवून रूटला जोडा, लेव्हल वॉर्निंग, आणि 'डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स' फॉल्स ठेवा. मग ट्रेसबॅक जर्नलमध्ये दिसतील. तिथली वेळ आणि जँगोची वेळ जुळते का तेही बघा. एक यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळ) आणि एक आपल्या वेळेत असेल तर रात्री साडेअकराची घटना तुम्ही संध्याकाळी सहाच्या नोंदीत शोधणार नाही आणि उगाच दोन तास जातील.

नवशिकी

आला ट्रेसबॅक!! स्टॅटिक फाइलची मॅनिफेस्टमध्ये (अशा फाइलींची यादी) नोंद नव्हती. कलेक्टस्टॅटिक (त्या गोळा करणारी कमांड) चालवायचं राहिलं होतं. तीन दिवस गेले होते हो यात. आभार.

रात्रपाळी

बघा, इथेही लेव्हलचा संबंध नव्हता. एररच कुठे जात नव्हता.

कोथरूडकर, एक तोडगा सुचवतो. रूट इन्फोवर, आणि ॲक्च्युएटरच्या (स्प्रिंग बूटची देखरेखीची सोय) लॉगर्स एंडपॉइंटवरून (त्यासाठीचा वेब पत्ता) चालत्या ॲपमध्ये एकाच पॅकेजची लेव्हल वाढवायची. रीस्टार्ट लागत नाही. काम झालं की खाली. एंडपॉइंट अर्थातच कुलपात.

कोथरूडकर

माझी घटना दोन महिन्यांतून एकदा दोन सेकंद घडायची. तुम्ही बटण दाबायला तिथे बसून राहणार का? त्यापेक्षा डीबग मेमरीत साठवा आणि एरर आला तरच फाइलवर ओता. पायथनमध्ये मेमरीहँडलर तयार आहे.

अण्णा सिस्टीमवाले

तो बादली भरली तरीही सगळं ओततो, जुनं टाकून देत नाही. नीट वाचा, नाहीतर तुमचा डीबग हप्त्याहप्त्याने फाइलवरच जाईल.

रात्रपाळी

आणि माझ्यासारखा सिग्नल ९ आला तर बादलीसकट सगळं गेलं.

कोथरूडकर

तुमच्या केसमध्ये डीबगचा उपयोग नव्हता हे मी पहिल्यापासून मान्य करतोय. माझ्या केसमध्ये होता, एवढंच तुम्ही मान्य करत नाही.

रात्रपाळी

पेमेंटच्या एका पॅकेजपुरता, वेगळ्या फाइलमध्ये, आकाराची मर्यादा घालून, सांगलीकरांनी नजर टाकल्यावर. इतपत मान्य. रूटवर डीबग लावणाऱ्याला मात्र शनिवारी सकाळी सातला मीच फोन करणार.

आज लॉगचं पार्टिशन वेगळं केलं, रोटेशन आकारावर आणलं. हीप ६वरून ४वर.

सांगलीकर

आणि ती रात्रीची एक्सेल?

रात्रपाळी

बंद करता येत नाही, त्यांच्या साहेबांना सकाळी टेबलावर लागते. पीओआयचाच एसएक्सएसएसएफ वापरलाय, मूळ सेटिंगला तो १०० ओळीच मेमरीत धरतो, बाकी डिस्कवर तात्पुरत्या फाइलमध्ये.

अण्णा सिस्टीमवाले

त्या तात्पुरत्या फाइली पुसायची डिस्पोजची ओळ लिहिलीये ना?

रात्रपाळी

बघून सांगतो.