पाणी ओतलं की रेझोनन्स जातो, मदत हवी आहे

कॉइलवाला:
तीन आठवडे स्टॅनली मायरच्या सेलवर बसलोय (पाण्यावर गाडी चालवतो म्हणायचा तो अमेरिकन, त्याचा पाणी फोडून गॅस काढायचा सेल). स्टीलच्या नळ्या, चोक (तारेची कॉइल), 555 आयसीचा पल्स, सगळं जोडून झालं. सेल रिकामा असताना स्कोपवर रेझोनन्सचं (ठरावीक फ्रिक्वेन्सीला व्होल्टेज उसळतं ते) झकास शिखर दिसतं, पाणी ओतलं की सपाट. 1 ते 60 किलोहर्ट्झ फिरवून पाहिलं. चोक बदलू का? लवकर सांगा, मला रविवारच मिळतो.

जुना_फिटर:
पाणी कुठलं? नळ्यांतली फट किती? करंट किती खातो?

कॉइलवाला:
साधं बोअरचं. मायरही साधंच वापरायचा. चोकचं बोला.

बुलेटप्रेमी_सातारा:
दादा, रेझोनन्स सोड, चिमूटभर कॉस्टिक सोडा टाक. धबाधब गॅस येतो. माझ्या गाडीला दीड वर्ष याच गॅसचं किट आहे, पिकअप वाढलाय.

जुना_फिटर:
अहो, सोड्याने पाण्यातून करंट आणखी जाईल, रेझोनन्स उरलासुरला जाईल. आणि तुमच्या किटला वीज गाडीच देते ना? म्हणजे पेट्रोलच जळतंय.

बुलेटप्रेमी_सातारा:
गाडी मी चालवतो, फरक मला कळतो.

मळेकरी:
बोअरच्या पाण्याने चोक होतंच. आमच्या ड्रिपला आम्ही अ‍ॅसिड सोडतो, लॅटरल मोकळ्या होतात.

नलूताई:
मायरवर गुंतवणूकदारांनी ओहायोत दावा लावला होता. तज्ज्ञांनी सेल तपासला, तर साधंच विद्युत विघटन (वीज सोडून पाणी फोडणं) निघालं. 1996 मध्ये कोर्टाने फसवणूक ठरवून 25,000 डॉलर परत करायला लावले.

सत्यशोधक77:
आणि 1998 ला विष घालून मारला, ते का नाही सांगत?

नलूताई:
शवविच्छेदनात मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा हे कारण आलं. कॉइलवाला, मापं द्या हो, त्याशिवाय कोण काय सांगणार?

कॉइलवाला:
कोर्टाचं मी विचारलंच नाही. नळी 10 सेमी, व्यास 2 सेमी, फट दीड मिमी. टीडीएस (पाण्यातले क्षार) 520. करंट 2 अँपिअर. उलट्या बाटलीत 10 मिनिटांत 200 मिली गॅस येतो, पाणी कोमट होतं.

नलूताई:
आता कळलं. तुमच्या सेलचा कपॅसिटन्स (चार्ज धरून ठेवायची क्षमता) 3 नॅनोफॅरडच्या आसपास, म्हणजे 10 किलोहर्ट्झला त्याचा अडथळा पाच हजार ओहमच्या वर. पण या टीडीएसचं पाणी त्याला समांतर अडीचेक ओहमचा रेझिस्टर होऊन बसतं. शिखर टिकणार कसं? गॅसचंही बघा: 2 अँपिअरला 10 मिनिटांत साधारण 225 मिली यायला हवा, तुम्हाला 200 मिळतो. म्हणजे तुमच्याकडेही नेहमीचंच विघटन चाललंय. रेझोनन्सने व्होल्टेज चढेल, ऊर्जा नाही वाढत. लीटरभर पाणी फोडायला निदान 4.4 युनिट लागतात आणि तो गॅस जाळून त्याहून जास्त परत येत नाही.

जुना_फिटर:
त्या बाटलीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आहेत, लक्षात आहे का? माझा पाच लीटरचा प्लास्टिकचा कॅन स्विचच्या ठिणगीने फुटला. डाव्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. साठवू नका, मोजून झालं की अंगणात सोडून द्या.

कॉइलवाला:
बाटली बाहेर नेली. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड आणून बघतो.

नलूताई:
शिखर थोडंफार दिसेल, पण गॅस जवळजवळ थांबेल. दोन्ही मोजून इथे टाका.

कॉइलवाला:
टाकतो. पण चोक बदलायचा की नाही, ते अजून कुणीच सांगितलं नाही.